जाड दोऱ्याने मशीनवर गोधडी शिवताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

घरच्या शिलाई मशीनवर नेहमीच्या दोऱ्याने गोधडी शिवली तर थर एकमेकांना नीट धरून राहतात, पण टीप कापडात बुडून जाते आणि दोन हात अंतरावरून ती दिसतही नाही. हातशिवणीच्या गोधडीचे सारे देखणेपण धावदोऱ्याच्या ओळींत असते. तशी ठसठशीत ओळ मशीनवर हवी असेल तर दोरा जाड घ्यावा लागतो. जाड दोरा ओवला की मात्र दोरा पिंजणे, टाके सुटणे, खालच्या बाजूला गुंता होणे अशा तक्रारी सुरू होतात आणि ‘आमच्या मशीनला जाड दोरा चालत नाही’ असे म्हणून काम सोडून दिले जाते. बहुतेक वेळा मशीनचा काहीच दोष नसतो. रिळापासून टाक्यापर्यंत दोरा जिथून जिथून जातो, तिथे प्रत्येक ठिकाणी त्याला त्याच्या जाडीइतकी जागा मिळाली, तर आजीच्या काळातील काळे पायमशीनसुद्धा हे काम उत्तम करते. सुई, टेन्शन (दोऱ्यावरचा ताण), टाक्याची लांबी, दोन ओळींमधले अंतर या सगळ्यांविषयी पुढे जे सांगितले आहे, ते या एकाच कारणातून आलेले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. हाताचा धावदोरा कापडातून वर येतो आणि खाली जातो, त्यामुळे टाका आणि मोकळी जागा असा क्रम दिसतो. मशीनचा टाका वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवून तयार होतो, म्हणून त्याची ओळ सलग दिसते. जाड दोरा वापरल्याने मशीनची टीप हाताच्या टाक्यासारखी होत नाही. तिचे स्वतःचे वेगळे, रेखीव रूप असते आणि ते मनात धरूनच नक्षी ठरवावी.

दोऱ्याचा नंबर कसा वाचावा

नवशिक्यांचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो, म्हणून या भागावर थोडा जास्त वेळ द्यावा. बाजारात दोऱ्याची जाडी तीन निरनिराळ्या पद्धतींनी लिहिलेली आढळते. गोधडीकामासाठी आयात होणाऱ्या सुती दोऱ्यांवर ‘वेट’ लिहिलेले असते. एक किलो वजनात जितके किलोमीटर दोरा बसतो, तो त्याचा वेट. ५० वेटच्या एक किलो दोऱ्याची लांबी ५० किलोमीटर भरते, तर १२ वेटच्या एक किलोची केवळ १२ किलोमीटर. साहजिकच आकडा जितका लहान तितका दोरा जाड. कपड्यांच्या कारखान्यांना लागणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याच्या कोनवर (शंकूच्या आकाराच्या मोठ्या रिळावर) ‘टिकिट नंबर’ असतो. तिथेही लहान आकडा म्हणजे जाड दोरा, मात्र मोजपट्टी वेगळी. तिसरी पद्धत ‘टेक्स’, म्हणजे १००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन. यात सगळे उलटे असते, आकडा मोठा तितका दोरा जाड.

तिन्ही पद्धतींची तुलना करायची असेल तर टेक्स काढावा. वेटच्या आकड्याने १००० ला भागले की टेक्स मिळतो, आणि पॉलिएस्टरच्या टिकिट नंबराने ३००० ला भागले की अंदाजे टेक्स मिळतो. हा हिशेब एकदा करून पाहिला की एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ४० वेटचा दोरा २५ टेक्सचा, तर टिकिट ४० चा दोरा ७५ टेक्सचा. दोन्हींवर ४० हाच आकडा छापलेला असतो, पण दुसरा दोरा त्याच लांबीला तिप्पट वजनाचा असतो. इंटरनेटवरच्या एखाद्या परदेशी धड्यात ‘४० नंबरचा दोरा’ वाचून दुकानातून टिकिट ४० चा कोन आणला, तर त्या धड्यातली सुई आणि त्यातले टेन्शन या दोऱ्याला मुळीच लागू पडणार नाही.

आपल्याकडे ब्लाउज-परकरांसाठी सर्रास वापरला जाणारा पॉलिएस्टर दोरा टिकिट १२० च्या आसपासचा, म्हणजे साधारण २५ टेक्सचा असतो. गोधडीवर ओळ उठून दिसावी यासाठी नवशिक्यांनी साधारण ३५ ते ८० टेक्सच्या दरम्यानचा दोरा निवडावा. सुती दोऱ्यात २८ किंवा ३० वेट हा सुरुवातीसाठी सर्वांत सोयीचा, कारण तो मशीनला फारसा त्रास देत नाही आणि तरी स्पष्ट दिसतो. हात बसल्यावर १२ वेटकडे वळावे. पॉलिएस्टरमध्ये टिकिट ५० किंवा ४० चालेल. टिकिट ३० हा घरगुती मशीनच्या सुईतून जाणारा जवळपास शेवटचा दोरा समजावा. टिकिट २० सुईत ओवण्याच्या भानगडीत पडू नये.

ठाण्याच्या परिसरात राहणाऱ्यांना या बाबतीत एक फायदा आहे. उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा मोठा धंदा चालतो आणि जीन्सवरची ती सोनेरी-तपकिरी टीप जाड पॉलिएस्टर दोऱ्याचीच असते. त्यामुळे शिवणकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात ‘दादा, जीन्सवर टीप मारायचा दोरा दाखवा, टिकिट पन्नास किंवा चाळीस’ असे विचारले तर दुकानदाराला नेमके काय हवे ते कळते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात फिरून किंवा वाशी-कोपरखैरण्यातल्या टेलरिंग मटेरियलच्या दुकानांत चौकशी करून पाहावी. गोधडीसाठीचे खास सुती दोरे बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात.

सुती की पॉलिएस्टर, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी असेल तर दोराही सुतीच घ्यावा. पॉलिएस्टरचा जाड दोरा त्या विरलेल्या कापडापेक्षा कितीतरी मजबूत असतो आणि ओढ बसली की दोरा तुटण्याऐवजी टाक्याच्या भोकापाशी कापड फाटते. तुटलेली टीप पुन्हा मारता येते, फाटलेली साडी पूर्ववत होत नाही. नव्या, घट्ट विणीच्या कापडावर पॉलिएस्टर बिनधास्त वापरावा.

मशीनसाठी टाळावेत असे दोन दोरे म्हणजे हातशिवणीसाठी मेण किंवा खळ चढवलेला दोरा आणि चपला-बॅगांचा नायलॉन दोरा. पहिल्यावरचा लेप टेन्शनच्या, म्हणजे दोरा दाबून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये खरवडून साठत जातो, आणि दुसरा घरगुती मशीनच्या ताकदीबाहेरचा असतो. दोरा रंगीत, विशेषतः लाल, मरून किंवा गडद निळा असेल, तर त्याचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात घडी घालावा आणि वरून गरम इस्त्री फिरवावी. फडक्यावर डाग उमटला तर तो दोरा फिकट रंगाच्या गोधडीवर वापरू नये.

सुई

दोऱ्याला पहिली अडचण सुईच्या नेढ्यात येते. सुईवरचे ९०/१४, १००/१६, ११०/१८ हे आकडे तिच्या जाडीचे असतात. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर, १०० म्हणजे १ मिलिमीटर, आणि तिरप्या रेघेनंतरचा आकडा तोच आकार दुसऱ्या पद्धतीने सांगतो. आपल्याकडचे कारागीर या दुसऱ्या आकड्याने बोलतात, ‘चौदा नंबर’, ‘सोळा नंबर’, ‘अठरा नंबर’. २८-३० वेटच्या दोऱ्याला १४ नंबर पुरते. १२ वेटला आणि टिकिट ५०-४० ला १६ नंबर घ्यावी, आणि टिकिट ३० ला १८ नंबर.

‘टॉपस्टिच’ नावाची सुई मिळाली तर जरूर घ्यावी. तिचे नेढे त्याच नंबरच्या साध्या सुईपेक्षा बरेच मोठे असते आणि दोरा ज्यात बसतो ती पुढची लांब खाचही खोल असते. त्यामुळे कापडात मोठे भोक न पाडता जाड दोरा सहज जातो. ती न मिळाल्यास जीन्सची सुई वापरावी. खरेदी करताना सुईचा बुंधा पाहून घ्यावा. घरगुती मशीनच्या सुईचा बुंधा एका बाजूने चपटा असतो, तर कारखान्यातल्या मशीनची सुई सबंध गोल बुंध्याची असते आणि ती घरच्या मशीनला चालत नाही.

निवडलेली सुई दोऱ्याला पुरेशी आहे की नाही, हे मशीनला लावण्यापूर्वीच तपासता येते. दोऱ्याचा फूटभर तुकडा सुईत ओवून त्याची दोन्ही टोके दोन हातांत ताणून आडवी धरावीत आणि एक हात हळूहळू वर नेऊन दोरा तिरका करावा. सुई स्वतःच्या वजनाने घसरत खालच्या बोटांपर्यंत आली तर नेढे पुरेसे आहे. मध्येच अडकली, किंवा दोऱ्याला झटका दिल्यावरच हलली, तर एक नंबर मोठी सुई घ्यावी. टाका पूर्ण होण्यापूर्वी दोऱ्याचा तोच भाग नेढ्यातून अनेकदा पुढे-मागे होतो. तिथे तो घासला की पिंजतो आणि शेवटी तुटतो. अर्ध्या मिनिटाच्या या परीक्षेने पुढचा कितीतरी त्रास वाचतो.

सुई लावताना तिची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवला जातो त्या बाजूला असावी. ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळी दमटपणात उघड्यावर राहिलेल्या सुयांवर गंज धरतो आणि तो बारीकसा गंजही जाड दोऱ्याला खरवडतो. म्हणून सुया तेलकट कागदात गुंडाळून डबीत ठेवाव्यात आणि प्रत्येक मोठी गोधडी नव्या सुईने सुरू करावी.

थर लावणे

आपल्याकडे थंडी अशी ती किती पडते! त्यामुळे गोधडी फार जाड करण्याचे कारण नाही, आणि जाड दोऱ्याची ओळही सपाट थरांवर जास्त खुलते. फुगीर पॉलिएस्टर शीटमध्ये टीप खोल जाते आणि दोरा दिसेनासा होतो. आत एक-दोन जुन्या सुती साड्या किंवा धोतर घालावे, किंवा शीटच हवी असेल तर १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) आसपासची पातळ घ्यावी. खालच्या बाजूला मांजरपाट उत्तम. नवे सुती कापड आधी धुऊन आटवून, इस्त्री करूनच वापरावे.

खालचा थर जमिनीवर उलटा पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने फरशीला लावाव्यात. त्यावर आतला थर आणि शेवटी वरचा थर पसरावा. खालचे दोन थर चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे ठेवावेत. मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. सेफ्टी पिनाही चालतात, पण टिपेच्या वाटेत आलेली प्रत्येक पिन थांबून काढावी लागते, म्हणून मोठ्या कामात मला कच्चा टाका बरा वाटतो. या कामात घाई केली तर मशीनवर खालचा थर दुमडून त्यावर टीप बसते, आणि जाड दोऱ्याची टीप उसवल्यावर राहिलेली भोके सहजासहजी बुजत नाहीत.

पहिलीच गोधडी पलंगाएवढी करू नये. बाळाच्या पाळण्यातली गोधडी किंवा मांडीवर घेण्याइतका तुकडा घ्यावा. घरगुती मशीनच्या सुईच्या उजवीकडे फार तर सहा-सात इंच जागा असते आणि गोधडीचा अर्धा भाग गुंडाळून त्यातूनच न्यावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

दोरा ओवणे आणि टेन्शन बसवणे

जाड दोरा फक्त वर घ्यावा. बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, नेहमीचा पातळ दोराच भरावा, ५० वेटचा सुती किंवा टिकिट १२० चा पॉलिएस्टर. दोन्ही बाजूंना जाड दोरा घेतला तर दोन दोऱ्यांची गाठ थरांच्या आत मावत नाही आणि कुठल्यातरी एका बाजूला मण्यासारखी दिसू लागते. खालच्या दोऱ्याचा रंग वरच्या दोऱ्याशी जुळता घ्यावा, म्हणजे गाठ किंचित वर आली तरी डोळ्यांना खुपत नाही.

दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचललेला असावा. फूट वर असताना टेन्शनच्या चकत्या एकमेकींपासून सुटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये खोलवर बसतो. फूट खाली असताना ओवलेला दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो, त्याला पकड मिळत नाही, आणि दहा टाक्यांतच कापडाखाली दोऱ्याचे जाळे तयार होते. जाड दोऱ्याच्या बाबतीत हे फार लवकर घडते. कोनमधला दोरा रिळाच्या खुंटीवरून ओढू नये. कोन मशीनच्या मागे टेबलावर स्टँडवर उभा ठेवावा आणि दोरा सरळ वर जाऊन मग मशीनकडे येईल असे पाहावे.

आता टेन्शन. चकत्यांमध्ये जाड दोरा जास्त घट्ट दाबला जातो, म्हणजे हात न लावताही वरचे टेन्शन आपोआप वाढलेले असते. परिणामी वरचा दोरा खालच्या दोऱ्याला वर खेचतो आणि वरच्या बाजूला त्याचे बारीक ठिपके दिसतात. म्हणून वरचे टेन्शन सैल करावे. आकडे असलेल्या मशीनवर नेहमी ४ असेल तर ३ वर आणून पाहावे, गरज पडल्यास २ वर. काळ्या मशीनवर टेन्शनचा नट डावीकडे अर्धा फेरा फिरवून सुरुवात करावी. बॉबिन केसच्या (बॉबिन ज्यात बसते त्या डबीच्या) स्क्रूला या टप्प्यावर हात लावू नये.

टाक्याची लांबी ३ ते ४ मिलिमीटर ठेवावी. इंचात साधारण सात-आठ टाके बसतील असे पाहावे. कपड्यांसाठीच्या अडीच मिलिमीटरच्या टाक्यात जाड दोऱ्याला आडवे पडायला जागाच उरत नाही, टाके एकमेकांना खेटतात आणि ओळ तारेसारखी कडक होते. चार मिलिमीटरच्या पुढे मात्र जाऊ नये. पाळण्यातल्या बाळाची बोटे आणि पैंजण लांब टाक्यांत अडकतात.

हे सगळे ठरवण्यासाठी गोधडीच्याच थरांचा, त्याच कापडाचा आणि त्याच आतल्या साडीचा साधारण वीतभर चौकोनी नमुना तयार करावा. त्यावर टेन्शनच्या एकेका आकड्यावर चार-पाच इंचांची टीप मारावी आणि प्रत्येक टिपेच्या शेवटी खडूने तो आकडा लिहावा. मग नमुना खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहावा. वरचा दोरा प्रत्येक टाक्यावर किंचित गोलसर, मोकळा दिसला पाहिजे. तो दोरीसारखा ताणून सपाट झाला असेल आणि टाक्याच्या दोन्ही टोकांना खालच्या रंगाचा ठिपका असेल, तर टेन्शन अजून जास्त आहे. उलट बाजूला खालचा दोरा सरळ रेघेत पडलेला असेल आणि वरचा दोरा त्यावर वेटोळे घालत असेल, तर ते फार सैल झाले आहे. या दोहोंच्या मधला आकडा कागदावर लिहून तो कागद दोऱ्याच्या रिळालाच गुंडाळून ठेवावा. नमुना टाकून देऊ नये. पुढच्या वेळी तोच दोरा वापरताना अर्धे काम त्यानेच होते.

प्रत्यक्ष टीप

जाड दोऱ्याला सरळ, विरळ ओळीच शोभतात. दोन ओळींमध्ये दीड ते दोन इंच अंतर ठेवावे. पातळ दोऱ्याने भरगच्च दिसणारी वेलबुट्टी जाड दोऱ्याने काढली तर कापड ताठ होते आणि गोधडीचा मऊपणा जातो. हाताच्या गोधडीत बाहेरच्या काठापासून आतल्या चौकोनाकडे जाणाऱ्या ओळी आपल्याला परिचित आहेत. मशीनवर मात्र बाहेरून आत जाऊ नये, कारण फूट कापड पुढे ढकलत नेतो आणि मध्यभागी फुगा जमतो. मधली ओळ आधी, मग तिच्या एका बाजूच्या ओळी काठापर्यंत, नंतर दुसऱ्या बाजूच्या, असा क्रम ठेवावा, आणि समांतर ओळी सगळ्या एकाच दिशेने माराव्यात. एक ओळ वरून खाली आणि शेजारची खालून वर मारली तर दोन ओळींमधले कापड तिरके ओढले जाऊन त्यावर चुण्या पडतात.

रेषा आखण्यासाठी शिंप्याचा खडू किंवा कागदी चिकटपट्टी वापरावी. पुसली जाणारी पेने आधी नमुन्यावर तपासावीत. त्यांतली काही इस्त्रीच्या उष्णतेने पक्की होतात.

‘वॉकिंग फूट’ नावाचा जोड मिळाल्यास तो अवश्य लावावा. त्याला स्वतःचे दाते असतात, त्यामुळे वरचा थर खालच्या थराच्या बरोबरीने सरकतो. विकत घेताना आपल्या मशीनचे नाव-मॉडेल सांगावे आणि त्याची टोकाला दुभंगलेली भुजा सुईच्या स्क्रूवर नीट बसते की नाही ते पाहावे. तो नसेल तर मशीनच्या डोक्यावरचा फुटाच्या दाबाचा स्क्रू थोडा सैल करावा. दाब कमी झाला की वरचा थर मागे रेटला जात नाही.

टीप सुरू करताना चाक हाताने एकदा फिरवून सुई खाली-वर करावी आणि वरचा दोरा हलकेच ओढून खालचा दोरा कापडाच्या वर आणावा. दोन्ही दोरे वीतभर लांब ठेवून मागच्या बाजूला बोटांनी धरून ठेवावेत आणि पहिले तीन-चार टाके चाक हाताने फिरवून घालावेत. सुरुवातीच्या गुंत्याचे मुख्य कारण हे सुटे दोरेच असतात. त्यानंतर एका संथ गतीने शिवावे. या कामात पायमशीन मागे पडत नाही, उलट एकेक टाका ताब्यात राहतो म्हणून नवशिक्यांना ते जास्त सोयीचे आहे. फक्त चाक उलटे फिरू देऊ नये, नाहीतर दोरा शटलमध्ये, म्हणजे बॉबिनभोवतीच्या फिरत्या भागात, अडकतो. वळणावर थांबताना सुई कापडातच खाली ठेवून फूट उचलावा आणि मग कापड फिरवावे.

गोधडीचे वजन टेबलाखाली लोंबकळू देऊ नये. मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल किंवा खुर्च्या लावून तिला आधार द्यावा. लोंबणारे वजन कापड मागे खेचते, सुई वाकते आणि तिच्या खालच्या धातूच्या प्लेटवर आपटून तुटते. कापड हाताने पुढे ओढूनही हेच होते. हातांनी फक्त दिशा द्यावी.

टोके पोटात घालणे

ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी उलटी शिलाई मारून टीप पक्की करण्याची सवय इथे सोडावी. जाड दोऱ्याचे दुहेरी-तिहेरी टाके एकाच जागी आले की गाठीसारखा उंचवटा तयार होतो. ओळ काठापर्यंत जात असेल तर काहीच करण्याची गरज नाही, गोट लावताना टोके आपोआप दाबली जातात. ओळ मध्येच संपत असेल तर वीतभर दोरा सोडून कापावा, वरचा दोरा खाली ओढून घ्यावा आणि दोन्ही दोऱ्यांची कापडालगत गाठ मारावी. मग दोन्ही टोके मोठ्या नेढ्याच्या हातसुईत ओवून सुई फक्त आतल्या थरातून इंच-दीड इंच नेऊन बाहेर काढावी, हलका हिसका देऊन गाठ आत घ्यावी आणि उरलेला दोरा कापडालगत कापावा. काम वेळखाऊ आहे, पण गोधडीची उलट बाजू पाहणारे जाणते डोळे आधी इथेच जातात.

दोऱ्याचा अंदाज आधीच घ्यावा. ४० बाय ५० इंचांच्या गोधडीवर दोन्ही दिशांनी दोन-दोन इंचांवर ओळी घातल्या तर सुमारे ४८ मीटर टीप होते. थरांतून वर-खाली जाणारा आणि टोकांना सोडलेला दोरा धरून दीडपट, म्हणजे ७५ मीटरच्या आसपास वरचा दोरा लागेल, आणि खालचाही तितकाच. जाड दोऱ्याची लहान रिळे लवकर संपतात आणि नंतर आणलेल्या रिळाची छटा जुळेलच असे नाही, म्हणून सगळा दोरा एकदमच घ्यावा.

सुईतून न जाणारा दोरा

काही दोरे इतके जाड असतात की ते कुठल्याच सुईत बसत नाहीत. भरतकामाचा ८ नंबरचा पर्ल कॉटन हा असाच देखणा पण सुईला न मानवणारा दोरा. असा दोरा बॉबिनमध्ये भरून गोधडी उलटी धरून शिवता येते. रेषा मागच्या बाजूला आखायची, सुईत नेहमीचा दोरा ठेवायचा, आणि जाड दोऱ्याची ओळ खाली, म्हणजे गोधडीच्या सुलट बाजूला उमटते. बॉबिन हाताने किंवा अगदी हळू भरावी आणि काठोकाठ भरू नये. बॉबिन केसचा स्क्रू सैल करावा लागतो, म्हणून या कामासाठी दुसरी बॉबिन केस घेऊन तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ती वेगळी ठेवणे उत्तम. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा, आणि तो फार लहान असल्याने काम ताटलीवर धरून करावे. दोरा केसमधून गुळगुळीत ओढला गेला पाहिजे, तरी अगदी मोकळा नको. हा प्रकार पहिल्या गोधडीवर करू नये.

काही बिघडल्यास

आधी फूट उचलून वरचा दोरा पूर्ण काढावा आणि नव्याने ओवावा. निम्म्या तक्रारी इतक्यानेच मिटतात. टाके सुटत असतील तर सुई बदलावी, मग ती पूर्ण वर सरकवून घट्ट बसवली आहे का ते पाहावे. दोरा पिंजत असेल तर सुई एक नंबर वाढवावी, आणि तरीही पिंजत असेल तर प्लेटच्या भोकाची कड बोटाने तपासावी. जुन्या मशीनवर सुया आपटून तिथे ओरखडे पडलेले असतात आणि ते बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येतात. सुती जाड दोरा बराच भुसा सोडतो. दर दोन-तीन बॉबिनांनंतर प्लग काढून प्लेट उघडावी, दात्यांमधला आणि शटलजवळचा भुसा ब्रशने काढावा आणि जिथे तेल देण्याची सोय आहे तिथे एक थेंब मशीनचे तेल द्यावे. तेल दिल्यावर आधी चिंधीवर टीप मारावी, म्हणजे डाग गोधडीवर पडत नाही.

गोट आणि धुणे

सगळ्या ओळी झाल्यावर कच्चे टाके काढावेत, कडा पट्टीने सरळ कापाव्यात आणि गोट लावावा. गोट नेहमीच्या पातळ दोऱ्याने आणि १४ नंबरच्या सुईने शिवावा, त्यासाठी टेन्शन आणि टाक्याची लांबी पूर्ववत करून घ्यावी. पहिली धुलाई गार पाण्यात, सौम्य साबणाने आणि गोधडी एकटीच टाकून करावी. पिळू नये, पाणी निथळू द्यावे. शक्य असल्यास पहिली धुलाई पावसाळ्यात करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीतल्या दोरीवर टाकलेल्या गोधडीचा आतला थर कित्येक दिवस ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास लागतो. धुवावीच लागली तर वॉशिंग मशीनमध्ये हलक्या स्पिनवर पाणी काढावे आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरून, मध्ये हवा खेळेल अशी, पंख्याखाली वाळवावी.